रुसलेल्या फुवांची खुर्ची

— नाही, उठा म्हणत नाही मी, अजिबात नाही, पण जनरेटरच्या मागं धुरात कशाला बसता फुवा? खुर्ची जरा त्या लिंबाखाली सरकवू. रुसायचं तर सावलीत रुसा ना भो! बोलायचं नाही? काही हरकत नाही. मी कोण? विचारलं नाहीत तुम्ही, पण भुवई उचलली, मी पाहिली. मी नवल, एरंडोलचा. मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, अन् जोडीला हा धंदा — लग्नात रुसलेले सोयरे उठवायचे. हसा, हसा, हसलात की माझं निम्मं काम झालं... नाही हसलात. बरं.

तुमचं बरोबरच आहे. नवरीचे सख्खे फुवा तुम्ही, तिच्या आत्याचे यजमान, या घरचे जावई — अन् माइकवर सत्काराला नाव कधी घेतलं? सरपंचाच्या ड्रायव्हरनंतर! मुहूर्त टळून गेला, नवरदेव स्टेजवर घामानं निथळून राहिला, तरी सत्कार चालूच. अन् तुमच्या खांद्यावर टाकली ती शालसुद्धा कोणाच्या तरी खांद्यावरून काढलेली, मी पाहिलं ना डोळ्यांनी! माझा जीव जळला फुवा. हे वाक्य मी पाठ केलेलं आहे, खोटं कशाला बोलू, पण जळला तो खरंच.

अन् असं नाही की सकाळी उठलो अन् धंदा सुरू केला. मोबाइलवर व्हिडिओत तो कोटवाला सांगतो ना — जोडधंदा करायचा तर आधी अंगात कौशल्य पाहिजे — तर मी कौशल्य कमावलं. जळगावला चंपालाल शेठच्या साडीच्या दुकानात गादीवर बसलो, फुकट. बाया अख्खं कपाट उलगडायला लावतात अन् "पुढच्या वेळी बघू" म्हणून उठतात, तरी आपलं तोंड हसरं — ते तोंड मी तिथं कमावलं. धुळ्याला एका फेटेवाल्याच्या मागं फिरलो, कारण निम्मे रुसवे तर फेट्यावरूनच होतात. अन् पाया पडणं! त्यात काय शिकायचं, असं वाटतं ना? घाईत पडलं तर समोरचा म्हणतो, उरकलं यानं. सावकाश पडलं तर म्हणतो, कंबर धरलेली दिसते बिचाऱ्याची. मधलं बसवायला लई दिवस गेले. शिवाय माझा नियम — रुसलेला माणूस जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. सकाळपासून नुसता चहा आहे पोटात. तिकडं बट्ट्या तुपात बुडवून राहिले, वांग्याच्या भाजीचा वास येतो ना? माझ्यावर नाही तर माझ्या पोटावर तरी दया करा!

कौतिकभाऊंना, नवरीच्या बापाला, तुमची किती काळजी! हळदीच्या आधीच मला सांगून ठेवलं होतं — "दाजी रुसतीलच, तू तयार राहा"... म्हणजे, तसं नाही. मान असलेला माणूसच रुसतो, त्या अर्थानं. तुमच्यावाचून सगळं अडलंय हो. म्हणजे, लग्न लागलं, अक्षता पडल्या, ते ऐकूच आलं तुम्हाला. पण पाठवणी अडलीय. गाडी तुमची सजवलीय अन् चावी तुमच्या खिशात. कौतिकभाऊ म्हणाले, "निदान चावी तरी घेऊन ये, माणसाचं मग बघू" — अरे देवा. हे सांगायचं नव्हतं. फुवा, हे ऐकलंच नाही असं समजा.

सराव कमी पडला माझा. अन् सराव करणार तरी कोणावर? घरात माणूस एकच, माझी बायको ज्योती. तुमच्याच बोदवडची. मग रोज काहीतरी खुसपट काढायचं — कधी भाजीला नाव ठेव, कधी तिच्या भावाला — ती फुगली की मी लागलो कामाला, आज हे वाक्य, उद्या ते. अन् हसायची हो ती शेवटी! मला वाटलं, हात बसला. एकदा फोनवर दोस्ताला, दीपकला, फुशारकीनं सांगत होतो, "आज तर लवकर उठली" — अन् ती दारात उभी. माझ्याकडं नुसतं पाहिलं, म्हणाली, "तुनी शाळा शे का मी?" — माझी शाळाच झाली होती ती — अन् गेली माहेरी. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आणायला गेलो का? कोणत्या तोंडानं जाऊ? जे वाक्य काढीन ते तिच्यावर आधीच वापरून झालेलं!

उठलात? फुवा उठले! — अहो, मांडव इकडं आहे. गाडीकडं कुठं निघालात? फुलं आहेत त्यावर, नवऱ्या-नवरीची नावं आहेत, नवरी कशात बसवायची मग? फुवा! कौतिकभाऊ माझी सालटी काढतील! चावी लावलीसुद्धा. घरी निघालात? बोदवडला?

थांबा. आडवा येत नाही मी, काच फक्त खाली करा. एक खरं सांगा. इतका वेळ त्या धुरात बसलात — काय म्हटलं असतं म्हणजे उठला असता तुम्ही? नवी शाल आणली असती तर? नाही? पाया पडलो असतो तर? कौतिकभाऊ स्वतः आले असते तर?

मान हलवलीत, हो म्हणून. नुसते आले असते, तरी? शेजारी खुर्ची ओढून बसले असते, काही न बोलता... तरी?

हं.

दार कशाला उघडलंत? मी बसू? येऊ मी, बोदवडला? — बसलो. बघा, कौतिकभाऊंचा फोन. वाजू द्या. नवरीला दुसरी गाडी बघतील, सरपंचाचा ड्रायव्हर आहेच की! फुवा, पण ज्योतीच्या दारात गेल्यावर पहिल्यांदा मी काय —

बरं. गप्प बसतो.