शेवटी पळणारी गाणी

(सांगणाऱ्या: मंजिरी, शाळेतल्या ग्रंथपाल, अल नहदा, शारजा)

माझा भाऊ हृषीकेश एका सोमवारी गेला. अमेरिकेत तेव्हा सकाळ होती, इथे संध्याकाळ. डेलचा फोन आला, तो मी घेतला, मग आईबाबांना सांगितलं.

डेल म्हणजे त्यांच्या बँडचा गाणारा. पंक बँड होता त्यांचा. बँडचं नाव मी सांगत नाही, राग मानू नका, ते आईसमोर कधी घेता आलं नाही आणि आत्ताही ती आतल्या खोलीत जागी आहे. बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं की आई सांगायची, त्यांचं भजनी मंडळासारखं काहीतरी आहे, गावोगाव जातात. गावोगाव जायचे हे खरंच होतं. हृषी ड्रम वाजवायचा. झोपेत हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. व्हिसा मिळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून तिकडचं सगळं आम्ही इथे सोफ्यावर बसून फोनवर पाहिलं. बाबा फोन हातात धरून बसले होते, त्यांचा हात दुखायला लागला तरी त्यांनी तो माझ्याकडे दिला नाही.

आम्ही मूळचे ठाण्याचे. बाबा अबू धाबीजवळ मुसफ्फात फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते, आईची शाळेतली नोकरी शारजात, म्हणून घर इथे आणि बाबा आठवडाभर तिकडे कंपनीच्या खोलीवर. सुट्टीला घरी यायचे, आल्या आल्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे, दार घासतंय का बघायचे, आयुष्यभर लोखंड सरळ करत आलेला माणूस, दुसरं काय करणार. आता रिटायर झालेत, दोघंही माझ्या व्हिसावर आहेत.

तुम्ही बँडचं विचारलंत आणि मी कुठे चालले बघा. पण काय सांगू तुम्हाला, ते बँडचं सगळं आमच्या या हॉलमधूनच निघालेलं आहे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. आरतीला दुबईहून, अजमानहून लोक यायचे, आणि अल नहदात पार्किंगचं काय आहे ते तुम्ही आत्ता बघितलंच असेल. तेव्हाही तेच. लोक दुसऱ्याच्या गाडीमागे गाडी लावायचे, काचेमागे मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवायचे आणि वर यायचे. पहिली आरती छान संथ व्हायची. दुसरीला कोणाचा तरी फोन वाजायचा, खालून कोणीतरी ओरडत असायचं, हबीबी, गाडी हलवा, यल्ला. तो माणूस फोन कानाला लावून दोन मिनिटं, दोन मिनिटं करत राहायचा, कारण आरती अर्धी सोडून जायचं नाही असा बाबांचा नियम. मग बाबा लय वाढवायचे. तिसऱ्या आरतीपर्यंत सगळे धावत असायचे आणि शेवटचं कडवं तर असं जायचं की देवाला तरी शब्द कळत असतील का, देव जाणे. ती संपली की तीन-चार जण चपला शोधत लिफ्टकडे पळायचे, आई मागून प्रसाद घेऊन.

आणि हे सगळं आवाज न करता. वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची, तिची रात्रपाळी असायची, ती संध्याकाळी झोपायची. एकदा तिने वॉचमनला पाठवलं होतं. तेव्हापासून घंटा बंद, टाळी दोन बोटांची. झांजा आईने बाबांच्या मोज्यात घालून ठेवल्या, आजही तशाच आहेत. हृषी लहान होता, त्याला काहीतरी वाजवायचंच असायचं, म्हणून त्याला सोफ्याची उशी मांडीवर दिली आणि दोन लाकडी चमचे. त्या उशीवर तो वाजवायला शिकला. वेग होता, आवाज नव्हता. बाबा आरती म्हणता म्हणता डोळ्यांनी दटावायचे, हात आवर, पळतोयस. आणि स्वतः त्याच्यापुढे पळायचे.

तो कॉम्प्युटर शिकायला अमेरिकेत गेला, थंड प्रदेशातलं एक छोटं शहर. डेल आणि मार्था एका भाड्याच्या घराच्या तळघरात गिटार वाजवायचे, मार्था जाड तारांची, बेस म्हणतात ती. त्यांना ड्रमर टिकत नव्हता, कारण शेजारी तक्रार करायचे. हृषी गेला आणि त्याने एवढ्या कमी आवाजात एवढं जलद वाजवलं की ते दोघं बघत राहिले. शेजारच्या म्हातारीला पत्ता लागला नाही म्हणे. मला फोनवर सांगताना हसत होता, ताई, आपली उशी कामाला आली.

त्यांचं पहिलं रेकॉर्ड मी शाळेच्या लायब्ररीत, मुलं गेल्यावर, कानात लावून ऐकलं. खरं सांगते, मला काही कळलं नाही. मी पुस्तकांतली बाई, मला शांतता लागते. गिटार म्हणजे बाबांच्या वर्कशॉपमधला ग्राइंडर. डेल गात नाही, ओरडतो, घरभाड्याबद्दल, मॅनेजरबद्दल, बर्फ काढायचा कंटाळा येतो त्याबद्दल. गाणं सुरू होईपर्यंत संपतं. तीन सूर, तेच ते. पण त्या सगळ्या आरडाओरडीखाली ड्रम हलके, आखडते, भिंतीपलीकडे कोणी झोपलंय असे. आणि प्रत्येक गाणं शेवटाकडे पळायचं. तिकडच्या एका मासिकात कोणीतरी लिहिलं होतं की या पळण्यात एका पिढीचा संताप आहे. मी ते कात्रण हृषीला वाचून दाखवलं तर म्हणाला, ताई, त्यांना पार्किंगचं सांगू नकोस.

मग व्हॅन घेतली, गावोगाव फिरले. अनोळखी लोकांच्या घरी जमिनीवर झोपायचे, कधी समोर वीस माणसं, कधी हॉल भरलेला. दुसऱ्या रेकॉर्डला नाव झालं. मोठ्या बँडच्या आधी यांना वाजवायला बोलवायला लागले. मोठी कंपनी आली. तिसऱ्या रेकॉर्डला कंपनीने एक माणूस बसवला, तो म्हणाला, गाणी थोडी संथ करा, मध्ये पियानो घाला आणि ड्रमरने कानात क्लिक घालून वाजवायचं. क्लिक म्हणजे यंत्राची टिकटिक, लय जरा हलू नये म्हणून. हृषीला ते जमेना. म्हणायचा, मागे कोणी पट्टी घेऊन उभं आहे असं वाटतं. तरी वाजवलं. ते रेकॉर्ड कोणालाच आवडलं नाही. जुने ऐकणारे म्हणाले, तुम्ही विकले गेलात. नवे कोणी आले नाहीत. कंपनीने सोडलं आणि बँड थांबला, भांडण नाही, काही नाही. डेल घरं रंगवायला लागला, मार्था एका शाळेच्या बसवर, हृषी ऑफिसात. किती वर्षं गेली. सुट्टीवर यायचा तेव्हा जेवणाच्या टेबलावर बोटं चालायची, आई म्हणायची, अरे वाटी सांडेल.

गेल्या वर्षी पुन्हा जमले. त्याच तळघरात, म्हणे आता केस गेलेत, गुडघे दुखतात, पण गाणी तेवढीच छोटी. ड्रमचं सगळं रेकॉर्डिंग झालं होतं, डेलचं गाणं तेवढं बाकी होतं. आणि मग तो सोमवार.

डेलचा पुढचा फोन महिन्याने आला. एक कंपनी रेकॉर्ड काढायला तयार होती, चांगली, जगभर पोचवणारी. फक्त त्यांचं म्हणणं, ड्रम शेवटी पळतात, ते कॉम्प्युटरवर सरळ करून घेऊ, हल्ली सगळे करतात. आणि त्याला हृषीच्या घरच्यांची सही लागते. डेल म्हणाला, मी ठरवू शकत नाही, मी थकलोय, तुम्ही सांगा. त्याने एकच गाणं दोन प्रकारांनी पाठवलं.

मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. बाबांनी गाणी ऐकली नाहीत, लगेच म्हणाले, करू दे सरळ. आई म्हणाली, अहो, त्याचे हात आहेत ते. बाबा म्हणाले, म्हणूनच म्हणतोय, मुलाचं शेवटचं काम आहे, जगात जाणार आहे, वाकडं कशाला जाऊ द्यायचं. त्यांचा राग नव्हता हो, मी ओळखते त्यांना. आपल्या मुलाचं नाव चार लोकांनी नीट घ्यावं, एवढंच होतं. आई आत निघून गेली. दोन दिवस तसेच गेले. सही करायचा कागद मी बॅगेत घेऊन शाळेत जायचे आणि तसाच परत आणायचे. मला सरळ केलेलं नको होतं, पण बाबांना तसं म्हणायची हिंमत होत नव्हती, त्यांच्याकडे दुसरं काय उरलं होतं सरळ करायला.

शेवटी शुक्रवारी चहानंतर मी फोन टेबलावर ठेवला. म्हटलं, बाबा, एकदा ऐका आणि मग सही करा. आईलाही बाहेर बोलावलं. आधी सरळ केलेलं लावलं. स्वच्छ होतं, काही चूक नव्हती. बाबा मान हलवत ऐकत होते, वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा सांधा तपासायचे तसे. मग गाणं शेवटाकडे आलं आणि त्यांची मान थांबली. वाट बघत होते ते. गाणं होतं त्याच चालीने चालत राहिलं आणि संपलं.

बाबांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, मंजू, याला खाली गाडी हलवायची नाहीये का.

आई हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली आणि तशीच रडायला लागली. मी दुसरं लावलं, हृषीचं. ते शेवटी पळालं. बाबांनी डोळे मिटून घेतले, त्यांची दोन बोटं तळहातावर पडत होती, आवाज न करता, वरची नर्स कधीच मायदेशी परत गेली तरी. संपल्यावर म्हणाले, खलास, आहे तसं राहू दे, हे मीच शिकवलंय त्याला.

ती कंपनी गेली. डेल आणि मार्थाने स्वतःच त्या रेकॉर्डच्या थोड्या प्रती काढल्या, तिकडच्या जुन्या ऐकणाऱ्यांनी घेतल्या. बँड आता नाही, दुसरा ड्रमर घ्यायचा नाही असं त्यांचं ठरलंय. डेल अधूनमधून फोन करतो, बाबा त्याला मोडक्या इंग्लिशमध्ये जेवलास का विचारतात. सुखी राहोत बिचारे, माझ्या भावाला त्यांनी सांभाळलं.

एक रेकॉर्ड कुरियरने आमच्याकडे आलं, काळी मोठी तबकडी. ते लावायचं यंत्र आमच्याकडे नाही. ते देव्हाऱ्याशेजारी उभं ठेवलंय, त्याच्याजवळ मोज्यातल्या झांजा. घरात आम्ही तिघं आहोत.