म्हातारीच्या डेकवरच्या दोन झडपा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले संग्रहालयाचे संचालक, नौदलातले आजी-माजी अधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे आज जमलो आहोत ते आपले सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, आणि समोरच्या सभागृहात उकाडा सोसत बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी या संग्रहालयाची कुणी नाही. माझं उभं आयुष्य इस्पितळात परिचारिका म्हणून गेलं. माझ्या हातात माइक शोभत नाही, सुई शोभते. संचालकसाहेबांनी फोन करून "तुम्ही बोलाच" म्हटलं, तेव्हा मी सांगितलं, "साहेब, मी दोन वाक्यांत संपवीन." आता दोन वाक्यं होऊन गेली, तेव्हा तो शब्द मी पाळू शकलेले नाही हे मान्य करून पुढे जाते.

माझ्या आधी तीन वक्त्यांनी आपल्या सत्कारमूर्तींना 'थोर कलावंत' म्हटलं. दर वेळी ते खुर्चीत चुळबुळले, हे मी पाहिलं. दादा, तुम्हाला कलावंत म्हटलेलं आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. इथे कार्यशाळेत तुम्हाला सगळे 'अर्धामिली' म्हणतात, अर्ध्या मिलिमीटरची चूकही तुम्ही खपवून घेत नाही म्हणून. तोंडावर नाही, पाठीमागे. आज तोंडावर म्हणते, कारण आज तुम्हाला उलट बोलायची परवानगी नाही.

हे नाव कसं पडलं? शिडांच्या त्या मोठ्या युद्धनौकेचं यांनी केलेलं मॉडेल तुम्ही सगळ्यांनी वरच्या दालनात पाहिलं असेल. तीन डोलकाठ्या, शंभराच्या आसपास तोफा, कोळ्याच्या जाळ्यासारखे दोर. ते पुरं झालं, पाहुणे ठरले, आमंत्रणं गेली. आणि यांनी भिंगातून पाहिलं, तर एका बाजूच्या दोरांचा पीळ उलटा! खऱ्या जहाजावर तो उजवा होता, यांच्या दोरीचा डावा आला होता. तेव्हाचे संचालक म्हणाले, "अहो, कुणाला दिसणार आहे?" हे म्हणाले, "मला दिसलं ना." आणि सगळे दोर उतरवले. उद्घाटन पुढे गेलं. वहिनींना विचारा, त्या दिवसांत घरात काय वातावरण होतं ते. वहिनी मान हलवतायत. कळलं आम्हाला.

पण मी आज उभी आहे ती वेगळ्या जहाजासाठी. खालच्या दालनात, खिडकीजवळच्या काचेत एक लहानशी लढाऊ बोट आहे, एकच धुराडं असलेली. फार लोक तिथे थांबत नाहीत. ती दिसायला देखणी नाही, बांधली गेली तेव्हाही नव्हती. तिच्यावरचे खलाशी तिला 'म्हातारी' म्हणत. युद्ध सुरू झालं तेव्हा ती भंगारात जायची होती. गेली नाही, समुद्रात गेली. माझे बाबा तिच्यावर होते.

बाबा त्या बोटीवर नुकतेच बदलून आले होते. त्यांच्याआधीपासून आमच्याच गल्लीतला त्यांचा मित्र तिथे बॉयलरवर होता. दोघं एकाच शाळेतले, भरतीलाही एकत्र गेलेले. एका सकाळी धुक्यात म्हातारीवर तोफगोळा पडला. दिवे गेले, बोट कलली, डेक धुराने भरला. कप्तानाने हुकूम दिला: डेकवरच्या झडपा लावा, नाहीतर पाणी खाली शिरेल. झडप म्हणजे खाली उतरायच्या भोकावरचं लोखंडी झाकण. अशा दोन झडपा होत्या, दिसायला अगदी सारख्या. एक धुराड्याच्या पुढे, तिच्याखाली बॉयलरची खोली. दुसरी धुराड्याच्या मागे, तिच्याखाली दोरखंडांची कोठी. एक बाबांनी लावायची, दुसरी आणखी एका खलाशाने. तो खलाशी धावतानाच पडला. म्हणजे झडप एकच लागली, आणि ती बाबांनी लावली.

कुठली?

बाबांना माहीत नव्हतं. स्फोटाने ते फेकले गेले होते. धुरात चाचपडत रांगत पहिली झडप हाताला लागली ती त्यांनी लावली. झाकण अडकलं होतं. मग ते पाठ कशाला तरी टेकवून बसले आणि दोन्ही पाय ताठ करून त्यांनी ते लोटलं. झाकण पडलं. आणि त्यानंतर खालून त्यांना ठोके ऐकू आले. ठक, ठक. तेवढ्यात बोट आडवी झाली आणि ते पाण्यात गेले.

बाबा वाचले. मित्र आला नाही.

चौकशी झाली, ठपका ठेवला गेला नाही. हुकूम होता, पाळला. पण ती चौकशी कचेरीतली. आमच्या गल्लीत आमच्यापासून तिसऱ्या दारात त्या मित्राची बायको राहायची. आम्ही तिला काकू म्हणायचो. ती एकदाच आमच्या उंबऱ्याशी आली आणि बाबांना विचारलं, "झडप तुम्ही लावलीत?" बाबा म्हणाले, "हो." कुठली ते माहीत नाही, हे सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. ती वळली आणि गेली. मी तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होते. पुढे माझी शाळा संपली, नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. काकू आमच्या दारावरून रोज जायची, मान सरळ ठेवून. आणि बाबा? बाबांच्या घरात कुणी दारावर टकटक करायचं नाही, हा नियम होता. येणाऱ्याने हाक मारायची.

अध्यक्ष महोदय, मी विषय सोडून चालले आहे असं आपल्याला वाटत असेल. नाही. आता विषयच येतो आहे, सायकलवरून.

संग्रहालयाने म्हातारीचं मॉडेल करायचं ठरवलं आणि हे गृहस्थ वाचलेल्या खलाशांना शोधत आमच्या घरी आले. टकटक केली. पहिली भेट तिथेच संपली. दुसऱ्यांदा आले तेव्हा रस्त्यावरूनच ओरडले, "त्या दिवसाबद्दल काही विचारणार नाही! चहाची किटली कुठे टांगलेली असायची, एवढंच सांगा!"

बाबा खिडकीत गेले. मग म्हणाले, "डाव्या हाताला. खिळ्याला नाही, आकड्याला."

असं सुरू झालं. आधी किटली, मग कठड्याचा रंग, मग शिडीच्या पायऱ्या. काही महिन्यांत बाबा स्वतः कार्यशाळेत जाऊ लागले. डेकच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासायचे. आई म्हणायची, "घरातलं एक कपाट घासायला सांगितलं तर कंबर दुखते यांची." पण तिचा चेहरा उजळला होता. आई आज पहिल्या रांगेत आहे. तिला ऐकू कमी येतं, म्हणून मी हे धीटपणे सांगते आहे.

आणि एके दुपारी, डेक जागेवर बसल्यावर, बाबांनी आपण होऊन सगळं सांगितलं. झडप, पाय, ठोके. मी डबा द्यायला गेले होते, दाराशीच थबकले. दादांनी सांत्वन वगैरे केलं नाही. त्यांनी विचारलं, "पाय पूर्ण ताठ झाले होते? गुडघ्यात वाकलेले नव्हते?"

"ताठ. नक्की."

"पाठीला काय होतं? गोल, की सपाट?"

"अंगावर जाड बंडी होती, पाण्यात तरंगायला घालतात ती. कळलं नाही. कठीण होतं काहीतरी."

मग दादांनी बोटीचे नकाशे बाहेर काढले. मागच्या झडपेजवळ हवा खाली नेणारा एक जाड नळ होता. पुढच्या झडपेजवळ दारूगोळ्याची एक लोखंडी पेटी होती. नकाशात दोन्हींचं आपापल्या झडपेपासूनचं अंतर सारखंच, माणसाच्या पायाइतकं. म्हणजे बाबा कुठेही बसलेले असू शकत होते. पण म्हातारीची शेवटची दुरुस्ती झाली तेव्हा ती पेटी हलवली होती, असं दादांना एका धूसर फोटोवरून वाटत होतं. हलवली असेल तर ती झडपेच्या अगदी जवळ आली होती. मग तिथे बाबांसारख्या उंच माणसाचे पाय ताठ होणं शक्य नव्हतं. हलवली नसेल, तर काहीच कळत नव्हतं.

"वाटतंय," दादा म्हणाले. "माहीत नाही. तुम्ही इतक्यात आनंद मानू नका."

तुम्हीच सांगा, असं कुणी बोलतं का? समोर एक थकलेला माणूस, त्याचं उरलेलं आयुष्य एका इवल्याशा पेटीवर अडलेलं. त्या मॉडेलवर अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या बोटीवर जवळजवळ एक इंच. काही मिलिमीटरचा प्रश्न होता. आई दुसऱ्या दिवशी इथे आली आणि हात जोडून म्हणाली, "भाऊ, ती तुमची पेटी जरा झडपेकडे सरकवा ना. कुणाला कळणार आहे?"

दादांचे डोळे भरले होते. आईने मला हे घरी येऊन सांगितलं. पण ते म्हणाले, "ताई, सरकवली तर ते माझ्यावर विश्वास ठेवतील. म्हणूनच नाही सरकवता येत."

आई त्या दिवशी चिडली. मीही चिडले. आज मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी पेटी सरकवली असती, तर या सभागृहात आज मी उभी नसते.

आता खात्री कशाने व्हायची? म्हातारीच्या डेकवर काढलेला जवळचा फोटो हवा होता. असा फोटो कुणाकडे असेल? दादांनी चौकशी केली आणि उत्तर आमच्याच गल्लीत निघालं, तिसऱ्या दारात. बॉयलरवाल्याने शेवटच्या सुट्टीत बायकोला दिलेला फोटो.

दादा काकूकडे गेले. का हवा आहे, ते त्यांनी सरळ सांगितलं. काही लपवलं नाही. काकू म्हणाली, "फोटो मी कुणाच्या हातात देत नाही. मी घेऊन येईन. माझ्या हातात राहील."

ती आली. बाबा कार्यशाळेत होते, मीही होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. फोटो दोन्ही हातांत धरून दिव्याखाली बसली. फोटोत काकूचे यजमान त्याच पेटीवर बसले होते, हसत. आणि त्यांच्या पायांचे तळवे समोरच्या झडपेच्या काठाला टेकले होते, गुडघे पोटाशी आलेले.

"त्यांची उंची किती होती?" दादांनी विचारलं.

"मला काय ठाऊक! नवऱ्याला कुणी मोजतं का?" काकू म्हणाली. मग उठून उभी राहिली. एक हात डोक्यावर सपाट धरला, मग थोडा वर नेला. "इथवर. मी शेजारी उभी राहिले की माझ्या डोक्याशी त्यांचा कान यायचा." दादांनी टेप लावला.

त्यांनी हिशोब केला, पुन्हा केला, कॅलिपरने मॉडेलवर लावून पाहिला. मग बाबांकडे वळून म्हणाले, "पेटी हलवलेली होती. तिथे तुमचे पाय मावत नाहीत. तुम्ही मागची झडप लावलीत. खाली दोरखंड होते, कुणी नव्हतं. आणि त्या कोठीत लाकडी कप्प्या टांगलेल्या असायच्या. बोट कलल्यावर त्या भिंतीवर आपटणारच."

बाबा खाली बसले. स्टुलावर नाही, जमिनीवर.

मग काकूने विचारलं, आणि तिचा आवाज मी विसरू शकत नाही, "म्हणजे त्यांची झडप उघडी होती? मग ते वर का नाही आले?"

दादा म्हणाले, "ते मॉडेल सांगू शकत नाही, काकू."

आणि बाबा बोलले. जमिनीवर बसूनच. "मी पाण्यात होतो. आम्ही बरेच जण होतो, बोटीपासून हातभर अंतरावर. बॉयलर फुटला असता तर एकही उरला नसता. पण वाफ सुटत होती. सारखी सुटत होती, शेवटपर्यंत. वाफ आपोआप सुटत नाही, खाली कुणाला तरी चाक फिरवावं लागतं. तुझ्या नवऱ्याने ते सोडलं नाही. इतकी वर्षं मला तुला हे सांगायचं होतं. पण ज्याने झाकण लावलं, त्याने हे कुठल्या तोंडाने सांगायचं?"

काकू त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि पहिल्यांदाच तिने तो फोटो दुसऱ्याच्या हातात दिला.

मी रडत होते. आमचे सत्कारमूर्ती काय करत होते, सांगू? पातळ पातं घेऊन मॉडेलवरची पेटी उखडत होते. ती नकाशाप्रमाणे बसवलेली होती ना! चुकीची होती!

त्या संध्याकाळी बाबा आणि काकू गल्लीपर्यंत एकत्र चालत आले. आईने दार उघडलं आणि काही न विचारता एक खुर्ची जास्त मांडली. त्यानंतर बाबा काही वर्षं जगले, आणि ती वर्षं चांगली गेली, एवढंच सांगते.

मॉडेलवर काच चढवायच्या आदल्या दिवशी दादांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. दोन्ही झडपा उघड्या होत्या. त्यांनी बाबांना चिमटा दिला आणि म्हणाले, "तुमचं काम." बाबांनी मागची झडप हलकेच लावली. मग चिमटा खाली ठेवून ते बाजूला झाले. पुढच्या झडपेकडे कुणी हात नेला नाही.

आजही ती उघडी आहे. शेजारी पाटी नाही. रखवालदार सांगतो, पाहणारे विचारतात, "याचं झाकण तुटलंय का?" तो म्हणतो, "नाही. ते असंच होतं."

दादा, तुम्ही उद्यापासून कार्यशाळेत येणार नाही. आमच्या घराच्या वतीने, काकूंच्या घराच्या वतीने तुम्हाला नमस्कार. वहिनींचे आभार, त्यांनी हा माणूस घरात सहन केला म्हणून. अध्यक्षांचे आणि संचालकांचे आभार, त्यांनी एका बाहेरच्या बाईला इतका वेळ दिला म्हणून. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द कमी-जास्त झाला असेल, तर तो माझ्या पदरात टाका आणि मोठ्या मनाने विसरून जा. आता सभेनंतर घाईने बाहेर न पडता, खालच्या दालनात खिडकीजवळ जरा थांबा, एवढीच विनंती करते आणि रजा घेते.