सरांच्या गालातला चट्टा

या, जवळ सरका. कोथरूडच्या दवाखान्यातली गोष्ट सांगतो. जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक श्यामसुंदर गालातला पांढरा चट्टा दाखवायला आले होते. शेजारी पत्नी सुहासिनीबाई.

“डॉक्टरांना तंबाखूचं सांगू नकोस हं,” सर कुजबुजले.

“बरं. तीस वर्षं वर्गात काय शिकवलंत?”

“अभिस्तर ऊती. पेशी एकमेकींना घट्ट चिकटून थर करतात, आतल्या भागाचं रक्षण करतात.”

“आणि घरी गालातल्या त्याच थरावर चुना मळलेली तंबाखू दाबलीत. पोरांना मात्र नापास करत होतात!”

“अगं, झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात.”

“येतात की. कशा आल्यात, तेच बघायला तुकडा काढणार आहेत.”

“ही पुडी घे. मीच सांगतो त्यांना.”

मंडळी, रिपोर्ट यायचाय. देवापुढे हात जोडाल तेव्हा सरांची आठवण असू द्या.