करड्या कोटवाल्यासमोरची खुर्ची

ब्युनोस आयर्समधल्या टँगोच्या हॉलवर दुपारी बायकांच्या बाथरूमला रांग लागली होती. नेलिदाच्या पुढे इथलीच ग्रासिएला आणि तिच्याकडे लिमाहून आलेली पाहुणी बोलत होत्या.

"शहर तुझं झकास आहे गं. भाजीवालासुद्धा मला राणी म्हणतो. पण इथे रोज येऊन बसतेय, एक मेला नाचायला विचारत नाही."

"तू जमिनीकडे बघत बसतेस! इथे पुरुष लांबून नजरेनंच विचारतो. मान खाली घातलीस की झाला नकार."

"म्हणजे मी नकार देत होते?"

"त्या करड्या कोटवाल्याला तर रोज."

"अगं बाई! मला त्याच्याशीच नाचायचंय. आणि उद्या माझं विमान!"

"मग आज सरळ बघ. लाजून काय मिळतं? इथल्याही कितीजणी त्याच्यापायी खुर्च्या झिजवतायत, पण मान वर करायची छाती नाही."

नेलिदा रांग सोडून हॉलमध्ये परतली. करड्या कोटवाल्यासमोरच्या ज्या खुर्चीत ती कित्येक वर्षं बसत आली होती, तिथेच बसली. आज तिनं मान वर करून त्याच्याकडे सरळ बघितलं.

तो तिच्या खांद्यावरून बाथरूमच्या दाराकडे बघत होता.

तिनं मान खाली घातली नाही.