चार सुऱ्या आणि मुका सासरा

...नाही पण चार? एका माणसाला चार सुऱ्या लागतात कशाला, हे मला आधी सांगा. आणि सुऱ्या म्हणजे कांदा चिरायच्या नव्हेत हो, एकेक जवळजवळ हातभर, मिटता न येणाऱ्या, जाड पाठीच्या, म्यानात घालून कमरेला लावायच्या. रानात वाट चुकलात तर म्हणे फांद्या तोडा, खोपट बांधा, जाळ करा, खुंट्या तासा, सगळं एकाच पात्यानं... आता हा माणूस वाट चुकणार कुठे? घरापासून चष्म्याचं दुकान आणि दुकानापासून घर. हा माणूस म्हणजे आमचे जावई. चष्म्याचे नंबर काढतात. आणि मी सुतार. बेचाळीस वर्षं लाकूड तासलंय. आता चित्र डोळ्यांपुढे आणा, जावई लाकडावर सुरी चालवताहेत, सुतार सासरा समोर खुर्चीत बसलाय, आणि सासऱ्याला तोंड उघडायची बंदी. तुम्हाला सांगतो, मी काही बोललो नाही. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत.

बंदी कुणाची? लेकीची. आणि त्याला कारण ती फळी. नव्या घरात जावयांनी स्वतःच्या हातानं भिंतीला एक फळी लावली आणि मला मुद्दाम बघायला बोलावलं. त्यांच्या दुकानातली चार माणसंही होती. मी आपली कानावरची पेन्सिल काढली, फळीवर ठेवली, तर पेन्सिल निघाली चालायला, या टोकापासून त्या टोकाला, आणि पडली खाली. आता गप्प बसावं की नाही? पण आमचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, "जावईबापू, फळी आहे की घसरगुंडी?" सगळे हसले. जावईही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळी काढून टाकली, आणि लेकीचा फोन यायचा बंद झाला. रोज संध्याकाळी सातला येणारा फोन हो. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीन आठवडे. मी सातला फोन पुढ्यात घेऊन बसायचो आणि आमची ही आतून म्हणायची, "बसा. बोला आता त्या पेन्सिलीशी."

मग एक दिवस लेक स्वतःच आली. बसली नाही, उभ्याउभ्याच म्हणाली, "बाबा, त्याला एक मोठी सुरी घ्यायचीय. मित्रांच्या चार आणल्यात, रविवारी रानात जाऊन ताडून बघणारे. तुम्ही जा त्याच्याबरोबर. पण टोचून बोलायचं नाही. या वेळी बोललात ना, तर मला..." लहानपणी रडू दाबताना नाक ओढायची तसं ओढलं तिनं. माझं काळीज पाणी पाणी झालं हो. म्हटलं, "बाई, एक शब्द बोलणार नाही." सरसकट एक शब्द. कारण माझ्या तोंडात टोचणारं कुठलं आणि न टोचणारं कुठलं, हे मला आजवर कळलेलं नाही. सुताराच्या पेटीत न टोचणारं असतं काय?

तर निघालो. ओढ्याकाठी वाऱ्यानं पडलेली दोन झाडं होती, तिथं जावयांनी पिवळं फडकं अंथरलं, त्यावर चार सुऱ्या ओळीनं मांडल्या, मला घडीची खुर्ची दिली, चहाचा थर्मास दिला, आणि एक तक्ता काढला. आडव्या रेघा, उभ्या रेघा, तोडणे, फोडणे, तासणे, दहापैकी गुण, आणि शेवटी एक रुंद रकाना, त्याच्यावर काय लिहिलंय ते मला दिसेना, कारण चष्मा घरी राहिला होता. चष्मेवाल्याचा सासरा, आणि चष्मा घरी. मी काही बोललो नाही.

पहिली सुरी. पुढे पोट सुटलेली, वजनदार, म्हणजे सरळ सांगायचं तर कोयताच, पण कोयता म्हटलं की किंमत कमी होते. जावयांनी मनगटाएवढी फांदी घेतली आणि घातले की घाव, पण कसे? आडवे. नव्वद अंशात. अहो, आडवा घाव लाकूड झेलतं, तिरका घातला की ढलपी उडते, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं, दहा घावांत फांदी खाली. हे माझ्या ओठावर आलं होतं, खोटं नाही सांगत, ओठावर. ते मोजताहेत, एकतीस, बत्तीस, तेहतीस... चौपन्नाव्याला फांदीच कंटाळून पडली. घाम पुसत म्हणाले, "बाबा, कशी वाटली?" म्हटलं, "छान." त्यांनी त्या रुंद रकान्यात काहीतरी लिहिलं. बाकी मी काही बोललो नाही.

दुसरी सुरी म्हणजे जत्राच. पाठीला करवतीचे दात, मूठ आतून पोकळ, मुठीत आगपेटीच्या काड्या, गळ, सुई-दोरा, बुडाला होकायंत्र. सगळं होतं, फक्त पातं मुठीत नीट बसवलेलं नव्हतं. पात्याचं शेपूट मुठीच्या टोकापर्यंत जावं लागतं हो, तिथं होकायंत्र भरल्यावर ते जाणार कुठून? तिसऱ्या घावाला मूठ जावयांच्या हातात राहिली आणि पातं माझ्या खुर्चीच्या पायापासून वीतभर अंतरावर जमिनीत रुतलं. जावई पांढरेफटक. "बाबा, लागलं नाही ना?" मी मान हलवली. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर तेव्हा बोलताच येत नव्हतं.

तिसरी जाड. बोटभर जाड पाठ, तिच्यानं दरवाजा उचकटावा. तिच्यानं ओंडका फोडायचा, म्हणजे पातं ओंडक्यावर उभं धरायचं आणि पाठीवर दांडक्यानं ठोकायचं. ठीक आहे, चालतं तसं. पण त्यांनी पातं ठेवलं ते नेमकं गाठीवर. गाठ आत होती, वरून दिसत नव्हती, हे मान्य, पण साल सांगते ना. साल तिथं भोवऱ्यासारखी फिरलेली असते. चार बोटं अलीकडे सरकवलं असतं तर ओंडका दोन ठोक्यांत उघडला असता. बसलं पातं रुतून. ना खाली जातंय, ना वर येतंय. अर्धा तास ठोकताहेत, मधेच थांबून माझ्याकडे बघताहेत, आणि मी थर्मासच्या झाकणात चहा ओततोय. झाकणात चहा होताच, तरी ओततोय. म्हणाले, "बाबा, काही सुचतंय का?" काय सांगू तुम्हाला, बेचाळीस वर्षं घशात येऊन बसली होती. लोक मूग गिळतात, मी अख्खा ओंडका गिळला. म्हटलं, "नाही, तुमचं चाललंय ते बरोबरच आहे." हे मी आयुष्यात बोललेलं सगळ्यांत मोठं खोटं. त्यांनी ते पण लिहून घेतलं.

चौथी सुरी मात्र गुणी. साधी, बारीक पात्याची, लाकडी मुठीची, दिसायला गरीब. तिच्यानं जाळासाठी काटकीच्या पातळ साली काढायच्या होत्या. जावयांनी काटकी धरली आणि अंगठा ठेवला पात्याच्या समोर. समोर. माझ्याकडे शिकायला आलेल्यांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, धार जाईल तिकडे बोट नको, दुसरं काही नाही शिकलास तरी चालेल. माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो मागे घेतला. म्हटलं, बोलायचं नाही, लेकीला शब्द दिलाय, सातचा फोन हवाय ना? आणि सुरी घसरली. फार नाही, नखाएवढं. जावयांनी स्वतःच पट्टी बांधली, "काही नाही, काही नाही" म्हणाले. पण मला लागलं ते. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, फार लागलं. तरी मी काही बोललो नाही.

गाडीनं परत निघालो. घरी पोचलो, लेकीनं दार उघडलं, आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "विचार त्यांना, दिवसभरात एक वाकडा शब्द बोललो असेन तर." ती नवऱ्यामागोमाग आत गेली. मला वाटलं, आता चहा येणार, शाबासकी येणार. बाहेर आली ती तक्ता घेऊन. माझ्या नाकावर नवऱ्याचा चष्मा ठेवला आणि म्हणाली, "वाचा." रुंद रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, बाबांचं मत. पहिल्या सुरीपुढे, छान. दुसरीपुढे, फक्त मान हलवली. तिसरीपुढे, बरोबरच आहे म्हणाले, म्हणजे नक्की चुकलंय. चौथीपुढे काहीच नव्हतं, नुसती एक रेघ.

लेक म्हणाली, "बाबा, त्याला सुरी कुणीही निवडून दिली असती. फळी वाकडी का झाली ते त्याला कळून घ्यायचं होतं. तुम्ही लाकडासमोर बसलात की बोलाल, असं वाटलं होतं त्याला. आत बसलाय अंगठा धरून, म्हणतोय तुमचा राग अजून गेलेला नाही. म्हणतो, तुझे बाबा फार आतल्या गाठीचे आहेत."

मी. आतल्या गाठीचा. मी बोलायला लागलो की समोरचा दुकानदार शटर ओढून घेतो हो. माझ्या पोटात कधी काही राहिलंय का? माझी तर साल पण बोलते. आणि मी तिथं दारात उभा, माझ्याच लेकीच्या घरी, डोळ्यांत पाणी, नाकावर दुसऱ्याचा चष्मा, काही धड दिसत नाही. आमच्या हिला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "टोचून बोलू नका म्हणाली होती पोरगी. मुके व्हा कुठे म्हणाली?"

झालं. पुढच्या रविवारी लेकीकडे गेलो. पेटी घेऊन गेलो. चौथी सुरी मी निवडून दिली आणि मग सुरू झालो. तिरका घाव, सालीचा भोवरा, अंगठा कुठे, धार कुठे, लाकडाचे रेषे कसे वाचायचे, ओलं लाकूड कसं फसवतं, माझ्या गुरूनं मला कितीदा मारलं, का मारलं, कशानं मारलं... सकाळी नऊपासून चार वाजेपर्यंत. जेवताना सुद्धा. जावयांनी तक्त्याच्या दोन्ही बाजू भरल्या, मग हातावर लिहिलं. संध्याकाळी फळी भिंतीवर चढली. मी पेन्सिल ठेवली. पेन्सिल जागची हलली नाही. जावयांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि पेन्सिल उचलून परत कानावर अडकवली.

मग मी हात धुवायला आत गेलो, तर स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज. हळू आवाजात विचारतेय, "कसा गेला दिवस? बाबा बोलले ना नीट?"

आणि जावयांचा थकलेला, अगदी गरीब आवाज, "बोलले गं. खूप बोलले. मी काही बोललो नाही."

आता बोला.