वरच्या लाइनीचे सापळे

मी मूळची नागपूरची, इंदोऱ्याची, बाबा रेल्वेत फिटर, अन् डोंगर म्हणाल तर लग्नापर्यंत रामटेकच्या गडापलीकडे मी काही पाहिलंच नव्हतं. इथं आल्यावर सहा वर्षं ऑकलंडला, पेनरोजच्या फॅक्टरीत क्वालिटीला काढली, मग मिस्टरांना खाली दक्षिणेत नोकरी लागली न आम्ही या डोंगराच्या पायथ्याशी आलो, मराठी बोलायला फक्त फोन. तिथं ग्रॅहम भेटला. सत्तरीचा माणूस, डोंगरावरची पाखरं वाचवायला गावातल्या लोकांचा ग्रुप चालवायचा. त्यानं मला रॉक रेन नावाचा पक्षी दाखवला. आता तो कसा सांगू तुम्हाला, मुठीत मावेल एवढा, शेपूट नाहीच म्हणा, झाडं संपतात त्याच्याही वर राहतो, बर्फ पडला तरी खाली येत नाही, अन् घरटं दगडाच्या फटीत. म्हणून स्टोटला आयतं सापडतं. स्टोट म्हणजे आपल्या मुंगसासारखाच, पण बारीक, गोऱ्यांनी बाहेरून आणलेला. त्याच्यासाठी लाकडी पेटीचे सापळे, आत अंडं ठेवायचं. सापळ्यांच्या रांगेला इथं लाइन म्हणतात, खालची लाइन माझी, वरची ग्रॅहमची, अशी चार वर्षं. बाबा गेले तेव्हा मला जाता आलं नाही, तर हाच माणूस दिवसभर माझ्याजवळ बसून राहिला. मी त्याला बापच मानलं, बाप्पा, दुसरं काय.

मागच्या उन्हाळ्यात तो मुलीकडे गेला. मी म्हटलं वरची लाइन मी बघते, तो म्हणे नको, परवाच पाहिली, सगळे रिकामे. सापळ्यांची नोंद आम्ही ॲपवर करतो, तिथंही त्यानं तसंच लिहिलेलं. तरी मी गेले, मला रेनची पिल्लं पाहायची होती. पहिली पेटी उघडली तर आत स्टोट, वाळून नुसतं कातडं झालेला, कित्येक आठवड्यांचा. दुसरीत तेच, तिसरीत तेच. भरलेला सापळा पुढचा स्टोट कसा धरणार? दरवर्षी घरटं असतं त्या फटीपाशी पोचले तर पिसं, फक्त पिसं. मी तिथंच खाली बसले, रडूही येईना.

तो आल्यावर त्याच्याच किचनमध्ये विचारलं. आधी म्हणे ॲपची गडबड असेल. मग म्हणाला, गुडघे गेले, सुनंदा, बर्फ वितळल्यापासून एकदाही वर गेलो नाही. मी म्हटलं, मला काऊन नाही सांगितलं, मी गेले असते ना. तो उठून चहाची किटली लावायला गेला. अहो, दर पंधरवड्याला समोर बसून चहा पीत मला सांगायचा, आज जोडी दिसली, आज नर चोचीत पिसं घेऊन चालला होता, अन् मी ऐकत बसायची, घरी येऊन पोरीला सांगायची. सगळं बनवलेलं.

ग्रुपला मीच सांगितलं. काही लोक माझ्यावरच नाराज झाले, म्हातारा माणूस, कशाला बोललीस म्हणून. माझी पोरगीसुद्धा म्हणाली, मम, ही इज जस्ट ओल्ड.

आता दोन्ही लाइनी मीच करते. तो काठी घेऊन डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, येतो, दिसला की किआ ओरा म्हणतो, इथला नमस्कार तो, मीही म्हणते, त्याच्यापुढे काही नाही. सुखात राहो, आणखी काय म्हणणार. पण डोंगरावरून उतरले की वर काय दिसलं ते मी आता ॲपमध्ये भरते न गप्प घरी येते, कुणाला सांगत नाही.