सरजाबाईंच्या वृत्तांताची शेवटची ओळ

हॅलो?… हॅलो… कोण, महानंदा?… हाव, मीच. अप्पा.

पाळकसाहेबांच्या घरून. ते चर्चमध्ये सतरंज्या टाकून राहिलेत. पाळकीणबाई आत चहाचं बघतायत. जरा हळू बोलतो, तू कान देऊन ऐक.

जेवलो… भाकरी आणि ठेचा… पाणी? टँकर परवा आला होता. लातूर जिल्हा झाला, पण नळाला काही कळवलं नाही वाटतं कुणी… हसू नको गं. तुझं कसं आहे ते सांग. एस्तेरची कावीळ?… डोळे अजून पिवळेच?… मग नकोच येऊ. आईच्या स्मरणाची उपासना तू नसलीस तरी होईल. पोरीला सोडून येऊ नको.

लिहिलं… हो, तिचा वृत्तांत लिहिला. चार पानं झाली. चार वाजता वाचायचाय.

नाही… संपला नाही.

अगं, ऐक ना. सगळं आलंय त्यात. जन्म जळकोटचा. लग्न होऊन आली तेव्हा अंगठा उठवायची, मग बायबल-बाईंकडे बसून अक्षरं शिकली, आणि पुढं शास्त्र तीनदा वाचून काढलं. सुईण नसली की गल्लीतल्या बायका हिलाच बोलवायच्या. तुझ्याकडून तेविसावं स्तोत्र पाठ करून घेतलं, चुकलीस की गूळ नाही. हे सगळं आहे… हो, ते गाण्याचंही आहे. सूर नव्हता पण सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची, तेही लिहिलंय.

शेवटची ओळ राहिली.

ती गं… सगळ्यांच्या वृत्तांतात असते ती. ‘शांतीने प्रभूमध्ये झोपी गेल्या.’ महिला मंडळाच्या गुरम्माबाई पहिल्या सतरंजीवर बसणार, त्यांचे कान त्याच ओळीकडे असणार. आणि माझा हात तिथं थांबतो. सकाळपासून तीनदा पेन उघडलं.

नाही, दमलो नाही. मी… महानंदा, मी घाबरलोय.

कुणाला म्हणजे… तुझ्या आईला.

थांब, मध्ये बोलू नको, नाहीतर माझ्याच्यानं सांगणं व्हायचं नाही. बहात्तरचा दुष्काळ आठवतो तुला? सहा वर्षांची होतीस. मुदतीचा ताप होता… हाव, तोच. रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायची, तुझ्या पोटात ठरत नव्हती. चांगली पांढरी ज्वारी घरात होती ती फक्त मुठीच्या गाडग्यात. आईचा नेम… हो, चूल पेटवायच्या आधी एक मूठ देवाची. माहेरून आलेली पायलीभर ज्वारी तिनं त्यासाठीच ठेवली होती. आपण मिलो खायचो आणि देवाला पांढरी. रविवारी मंडळाच्या बायका ती गोळा करून विधवांना वाटायच्या. मी एकदा म्हटलं, पोरीपुरती काढ. तर म्हणाली, दिलेलं परत मागू नये, पोरीला देव बघेल.

मग मी बघितलं.

दुपारच्या सुट्टीत शाळेतून यायचो. ती आडावर रांगेत असायची. गाडग्यातली ज्वारी काढून खलबत्त्यात भरडायची, कण्या शिजवायच्या, तुला भरवायच्या, पातेलं घासून ठेवायचं. आणि तुला म्हणायचो, आईला सांगू नको.

…तुला आठवतं?

…तू का रडतेस? तुझा काय दोष, सहा वर्षांचं लेकरू तू. अगं…

ऐक ना, खरं तर पुढंच आहे. गुरम्माबाईंनी रविवारी चारचौघींत म्हटलं, सरजाबाई, तुमचं गाडगं हलकं होत चाललंय. मंडळाच्या कोठीची किल्ली काढून घेतली तिच्याकडून. घरी आली आणि आपल्या दानूला धरलं.

हाव, उलथन्यानं. बारा वर्षांचा होता तुझा भाऊ. तो म्हणत होता, मी नाही, मी नाही. तिला वाटलं, भुकेचं पोर, याशिवाय कोण? माझ्यावर संशय कसा येणार? मला स्वयंपाकघरात मीठ सापडत नसे.

मी दारात उभा होतो, महानंदा. हातात पोरांच्या वह्या होत्या. वह्या खाली ठेवल्या नाहीत मी. म्हटलं, उद्या सांगू.

चौदा वर्षं.

…हो, दानू घर सोडून गेला, तुला वाटायचं बापाच्या छड्यांना कंटाळून गेला. मी त्याला कधी हात लावला नाही. माझ्या नावावर लागलेलं तेवढंही खरं नाही.

रोज संध्याकाळी तुझी आई प्रार्थना करायची, ‘प्रभू, माझ्या दानूला त्या चोरीची क्षमा कर.’ रोज. मी शेजारी गुडघ्यावर. आमेन म्हणायचो.

दवाखान्यात तिला धाप लागत होती. म्हणाली, आज तुम्ही म्हणा प्रार्थना, दानूची. मी तोंड उघडलं आणि ती प्रार्थना काही येईना. मग सांगून टाकलं.

काय म्हणणार? म्हणाली, ‘मग मी माझ्या लेकराला उगाच मारलं?’ दोनदा म्हणाली. डोळे असे… कधी घाबरलेली पाहिली नव्हती मी तिला, बाळंतपणातसुद्धा. मग म्हणाली, ‘त्याला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा.’ आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

आता सांग, शांतीने झोपी गेली असं कसं वाचू?

नाही सांगितलं… तेरा दिवस झाले. दफनाला आला होता ना तो, फाटकापाशीच उभा राहिला. मी त्याच्याकडे चार पावलं गेलो. चार पावलं. माती न टाकताच गेला.

…कुठं? तुझ्याकडं आलाय, नांदेडला? आत्ता? विष्णुपुरीहून?… कधी? मला आधी का नाही सांगितलं…

नको. नको, महानंदा, थांब. त्याला नंतर… पत्र लिहितो मी. पत्रात नीट मांडता येतं…

अगं नको देऊ… महानंदा… महानंदा…

…

हॅलो. कोण?… दानू.

बरा आहे. तू?… हं. हं.

दानू, ते… बहात्तर साली… गाडग्यातली ज्वारी मी काढली होती. रोज. तुझ्या बहिणीसाठी. तू नव्हतास, हे मला माहीत होतं. तुला मारलं तेव्हा मी दारात होतो.

…आहेस ना तू?

हो. आईला सांगितलं. शेवटी… आदल्या दिवशी. तिनंच सांगायला लावलं, नाहीतर मी… खोटं नाही बोलत, नाहीतर मी सांगितलंही नसतं. म्हणाली, माझ्या लेकराला उगाच मारलं. तिला तुझा राग… नव्हता रे. रोज तुझं नाव घ्यायची.

काय?… नाही, क्षमा मागायला तोंड नाही मला. चार वाजता सगळ्यांसमोर वाचतो मी हे. गुरम्माबाईंच्या समोर. उभा राहून वाचतो. कोठीची किल्ली उगाच गेली तिची…

मोठ्यानं बोल, खरखर येते… कोण?… एक्स्चेंजच्या बाई? वेळ संपली? अहो, वाढवा की, आत्ताच तर तो बोलायला लागलाय… दानू, बोल. काय म्हणालास? येतोस? तू येतोस?… गाडी किती वाजता? आणि येऊन काय… दानू? हॅलो?

हॅलो… नांदेड… हॅलो…

बाई, लाइन गेली हो. तुम्ही आहात का?… ऐका ना, तुमच्या कानावर पडलं असेल… नाही, मी तक्रार नाही करत, ऐकलं तर ऐकलं. तो शेवटी काय म्हणाला?

‘मी येईपर्यंत वाचू नका’?

एवढंच?

…बरं. थांबवतो उपासना. रात्र झाली तरी थांबवतो.

बाई, एक विचारू? आवाज कसा होता हो त्याचा? तुम्ही दिवसभर लोकांचे आवाज ऐकता, तुम्हाला कळत असेल… रागात होता का तो? की…

हॅलो?… बाई?